बेड चारचे बाबा

आमची मुलगी एकोणतिसावा आठवडा संपता संपता झाली. वजन १ किलो १४० ग्रॅम. डॉक्टरांनी दिलेली तारीख ऑक्टोबरची होती, ती जुलैअखेरच, ऐन पावसात आली. सदतीस आठवड्यांच्या आत झालेलं बाळ मुदतपूर्व आणि बत्तीसच्या आतलं फारच लवकरचं, हे वर्गीकरण मला पुढे पाठ झालं. त्या वेळी डोहाळजेवणासाठी घेतलेली हिरवी साडी अजून दुकानाच्या पिशवीतच होती.

कारण बायकोचं बीपी. भांडुपला घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये दोन तपासण्यांत ते काठावर दिसलं होतं, पायही सुजत होते. "या दिवसांत सुजतातच," म्हणून मीठ कमी करायला सांगितलं गेलं. मग एका रात्री डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि मोजलं तर बीपी १७०/११०. लघवीत प्रोटीन. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातलं जिवावर बेतू शकणारं बीपी. हे आधी पकडायला हवं होतं असं माझं आजही मत आहे. पण त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी अचूक केल्या. इथे एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, नाही, बाळ पोटात असतानाच मोठ्या रुग्णालयात हलवा, जन्मल्यावर एवढंसं बाळ गाडीतून नेणं फार धोक्याचं, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. आणि निघण्याआधी बीटामेथासोनचं इंजेक्शन देऊन त्याची वेळ चिठ्ठीवर लिहिली. हे स्टेरॉइड टोचतात आईला आणि कामाला येतं बाळाच्या फुफ्फुसांच्या. दुसरा डोस चोवीस तासांनी.

एलबीएस रोडवर कुर्ल्याला पाणी भरलेलं. अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन चालू होता, पण पुढच्या रिक्षांना सरकायला जागाच नव्हती. मध्य मुंबईतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात पोहोचलो तेव्हा उजाडत होतं. तिथे सगळी धडपड वेळ काढण्यासाठी होती: बीपी आवरायचं, दुसरा डोस होऊ द्यायचा, तो लागू पडू द्यायचा. सोबत मॅग्नेशियम सल्फेट, आईला झटके येऊ नयेत म्हणून आणि बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठीही. ते चालू झालं की अंग आतून पेटतं, असं बायको सांगते. दोन्ही डोस झाले, वर थोडा अवधीही मिळाला, आणि मग सिझेरियन.

बाळ रडलं. बारीक, पण रडलं. थंडी वाजू नये म्हणून जन्मताच तिला मानेपर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलं होतं. इतक्या लहान बाळांना कातडीखाली चरबी नसते, बाहेरच्या हवेत ती झपाट्याने गार पडतात. नाकाला सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासाला आधार देणारं यंत्र, लावून मला ओझरतं दाखवलं आणि नेलं. तासाभरात एका कागदावर सही मागितली. फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या मिटू नयेत म्हणून शरीर सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ बनवतं, तो हिच्यात पुरेसा तयार झालेला नव्हता, म्हणून बारीक नळीने श्वासनलिकेत सोडायचा होता. हे औषध गाईच्या नाहीतर डुकराच्या फुफ्फुसांपासून बनतं. माझी आई सोमवार-गुरुवार काटेकोर पाळणारी. तिला मी हे अजूनही सांगितलेलं नाही.

एनआयसीयूत बाळाला नाव नसतं. पायातल्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. मला तर तेवढंही नव्हतं, मी 'बेड चारचे बाबा'. बाहेर बाकावर बेड दोनचे बाबा बसायचे, विरारकडून यायचे. बेड सातची आजी कोकणातून आलेली, बरोबर चटई आणि जपमाळ. एका जोडप्याला जुळी झाली होती, त्यातलं एक गेलं. त्यांच्याशी काय बोलायचं ते आम्हा कुणालाच कळायचं नाही. चहा मात्र त्यांच्यासाठीही यायचा. बेड दोनवाल्यांनी सरकारच्या महात्मा जोतिराव फुले योजनेचे कागद जमवले होते आणि रेशन कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत शर्टाच्या आत बाळगायचे. माझ्या कंपनीचा विमा होता. तरीही मी दररोजच्या बिलाचा हिशेब वहीत मांडायचो. हिशेबतपासणीचं काम करतो, सवय जात नाही.

नियम असा होता की आई केव्हाही आत जाऊ शकते, बाप संध्याकाळी अर्धा तास. बायको टाके सांभाळत वॉर्डात पडलेली, उठून बसली की चक्कर. म्हणजे पहिले दिवस बाळाजवळ आमच्यापैकी कुणीच नाही, आणि मी दाराबाहेर. मला तो नियम तेव्हाही चुकीचा वाटत होता, आजही वाटतो. आत गेलेला बाप गर्दी करतो, जंतू आणतो, प्रश्न विचारतो हे सगळं खरं. पण कोपरापर्यंत हात धुवायला, अंगठी, घड्याळ, मनगटावरचा काळा दोरा काढायला बापालाही शिकवता येतं की.

ते शिकवलं हेड सिस्टरने. मूळच्या केरळच्या, पण मराठी अशी की कोल्हापूरकरांनी ऐकावी. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मी इन्क्युबेटरच्या खिडकीतून हात घालून बाळाच्या दंडावरून बोट फिरवत होतो. मॉनिटर बोंबलायला लागला. त्या म्हणाल्या, "बाबा, कुरवाळायचं नाही. त्याचा त्रास होतो तिला. एक हात डोक्यावर, एक पायांवर. ठेवायचा आणि हलवायचा नाही." तसं केलं. काही वेळाने पाय पोटाशी दुमडले गेले, मॉनिटरचे आकडे जागेवर आले. माझं पहिलं काम ते. हळूहळू त्यांनी डायपर बदलायला शिकवलं, थर्मामीटर लावायला शिकवलं, आणि मी अर्ध्या तासाऐवजी किती वेळ आत आहे हे बघणं सोडून दिलं.

आकड्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरच्या बाकावर सगळ्यात जास्त गैरसमज त्यांचेच होते. मॉनिटरवरचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं टक्क्यांतलं प्रमाण, ८७ वर घसरलं की आवाज होतो. आपल्याला वाटतं, सिस्टर पळत का येत नाही, ऑक्सिजन वाढवत का नाही? मी विचारलंच. तर ऑक्सिजनवर असलेल्या एवढ्या लहान बाळाचं सॅच्युरेशन ते मुद्दाम ९० ते ९५च्या मध्ये ठेवतात. शंभर दिसलं तर ऑक्सिजन कमी करतात. जास्त ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्यावरच्या अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्या भलत्याच दिशेने वाढू लागतात. हे कळल्यावर मी शंभरच्या आकड्यावर खूश होणं थांबवलं.

दुसरं म्हणजे श्वास विसरणं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र पिकलेलं नसतं, बाळ श्वास घेता घेता थांबतं. वीस सेकंद थांबलं तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. सिस्टर येते, तळपायाला बोटाने टिचकी मारते, बाळ दचकतं आणि पुन्हा श्वास घेतं. आई-बापाचा जीव मात्र ती टिचकी बसेपर्यंत अधांतरी. यावर औषध कॅफिन. राउंडला डॉक्टर म्हणायचे, "हिची कॉफी चालू आहे." डॉक्टरांचं एकच वाक्य ठरलेलं, "आज स्थिर आहे." उद्याबद्दल चकार शब्द नाही. सुरुवातीला राग यायचा. पहिल्या आठवड्यात टाळूवर प्रोब ठेवून मेंदूची सोनोग्राफी केली, त्यात किरकोळ, पहिल्या ग्रेडचा रक्तस्राव दिसला. तो आपोआप जिरेल असं सांगितलं आणि पुढच्या तपासणीत जिरलेला होता. पण मधले ते दिवस गेल्यावर 'आज' एवढंच का बोलतात ते उमगलं.

वजन आधी उतरलं. ते उतरतंच, जन्माचं वजन परत गाठायला दोन आठवडे लागू शकतात. माझ्या वहीत मात्र तो लाल शाईचा स्तंभ होता.

आता दूध. माझ्या मते एनआयसीयूतलं निम्मं युद्ध हेच, आणि ते काचेच्या बाहेर लढलं जातं. पहिल्या दिवशी बायकोच्या पदरी चिकाचे मोजके थेंब पडले. ते सिरिंजमध्ये ओढून बाळाच्या गालांच्या आतून फिरवले. नंतर तोंडातून पोटात घातलेल्या नळीने दर दोन तासांनी एक मिली, मग दोन. बाळ चोखत नसताना दूध येत राहावं म्हणून आईला दिवसातून आठेक वेळा पिळून काढावं लागतं, रात्रीसुद्धा, किंबहुना रात्री तर नक्कीच. सासूबाईंनी अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांचा मारा लावला. अळीव खावेत, अंगाला चांगले असतात. पण दूध वाढतं ते वारंवार रिकामं केल्याने, हे सिस्टरने त्यांना तोंडावर सांगितलं. त्या फणकारल्या, आणि त्याच दिवसापासून पंप उकळून ठेवायचं काम स्वतःकडे घेतलं.

बायकोला डिस्चार्ज मिळाला, बाळाला नाही. रिकाम्या हातांनी घरी जाणारी बाळंतीण ही काय गोष्ट असते ते मी लिहू शकणार नाही, तिनेच लिहावं. सुरुवातीला तिला रोजचा लोकलचा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून दूध मी न्यायचो. आइसपॅकची निळी पिशवी, छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर नाव, तारीख, वेळ. आमच्या युनिटचा नियम: बाहेर चार तास, फ्रीजमध्ये एक दिवस. भांडुप ते दादर सकाळी आठच्या गर्दीत ती पिशवी डोक्यावर धरून उभा राहायचो. "काय आहे रे त्यात, बॉम्ब?" असं एकाने विचारलं. दूध आहे, मुलीचं, म्हटल्यावर लोकांनी दाराशी जागा करून दिली. एकाने पुढे रोज घाटकोपरपर्यंत बसायची जागा दिली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

ऑगस्टमध्ये एक दिवस मध्य रेल्वे ठप्प झाली. शीवला रुळांवर पाणी. मी विक्रोळीहून परत फिरलो, पिशवीसकट. फोन केला तर सिस्टर म्हणाल्या, "घाबरू नका, बँकेचं देतो." रुग्णालयाची दुधाची बँक होती. इतर आयांनी दिलेलं जादा दूध, ६२.५ अंशांवर तीस मिनिटं तापवून, तपासून, गोठवून ठेवलेलं. पावडरचं दूध ते टाळतात, कारण अशा बाळांची आतडी नाजूक असतात आणि आईच्या दुधावर वाढलेल्यांना आतडं सडण्याचा तो भयंकर आजार कमी होतो. स्वतःच्या आईचं पहिलं, ते नसेल तर दुसऱ्या आईचं. अशी आशियातली पहिली बँक आपल्याच शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली. मी जन्मापासून मुंबईत राहतो, त्या रुग्णालयावरून हजारदा गेलोय, मला पत्ता नव्हता. त्या दिवशी कुणा अनोळखी बाईचं दूध माझ्या मुलीच्या पोटात गेलं. माझ्या आईला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ती जात विचारील. ती म्हणाली, "कुंतीपेक्षा राधेचं दूध कर्णाला जास्त पावलं." विषय संपला.

आईचा खरा विषय वेगळाच होता, सातव्या महिन्याचा. सातमाशी जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे तिने कुठल्या पिढीकडून घेतलं कोण जाणे. "बरं झालं, आठव्यात नाही झाली." फोनवर मावश्याही तेच. हे साफ खोटं आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो. पण मी वाद घातला नाही. त्या समजुतीने तिला रात्री झोप लागत होती, आणि सत्याने मला लागत नव्हती. पाचवी तिने घरी पाटा-वरवंटा मांडून पुजली, सटवाईसाठी कोरा कागद आणि पेनही ठेवलं. बाळ नव्हतं तर बाळाच्या पट्टीचा मोबाइलवरचा फोटो ठेवला.

सीपॅप निघाल्यावर कांगारू केअर सुरू झालं. आधी बायकोचं, मग एक दिवस सिस्टर मला म्हणाल्या, "बाबा, उद्या आंघोळ करून पुढून बटणांचा शर्ट घालून या. छातीला पावडर, सेंट काही नको." नुसत्या डायपर-टोपीतली मुलगी उघड्या छातीवर उभी ठेवायची, मान एका कुशीला, पाय बेडकासारखे दुमडलेले, वरून सुती कापडाने बांधायचं. एकदा घेतलं की निदान तासभर हलायचं नाही, कारण सारखं उचलणं-ठेवणं बाळाला दमवतं. दहाव्या मिनिटाला नाकाला खाज सुटते. फोन बाहेर. समोर मॉनिटर, आणि त्यावर हिचं सॅच्युरेशन कधी नव्हे इतकं सरळ रेषेत.

ही पद्धत १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या एका रुग्णालयात इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून सुरू झाली. गरिबांची सोय म्हणून लोक तिच्याकडे बघत. मग २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्यापासूनच असं छातीशी ठेवलं तर मृत्यू चतुर्थांशाने कमी होतात. दुसऱ्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही तसाच सल्ला दिला. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी दारावरच्या अर्ध्या तासाच्या पाटीकडे बोट दाखवलं. ते हसले. पाटी तिथेच होती, पण पुढच्या आठवड्यात बेड दोनचे बाबाही शर्ट उघडून बसले होते, लाजून लाल.

चौथ्या आठवड्यात डोळे. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालतात, मग डोक्याला दिवा लावलेले नेत्रतज्ज्ञ पापण्या चिमट्याने उघड्या धरून पडद्यावरच्या रक्तवाहिन्या भलतीकडे वाढत नाहीत ना ते तपासतात. बायको बाहेर गेली. मी थांबलो, थांबायला नको होतं असं वाटण्याइतकं ते बघवत नाही. पण चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची ही तपासणी व्हायलाच हवी, आणि रक्तवाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत पुन्हा पुन्हा. वेळेत सापडलं तर लेझरने नजर वाचते, उशीर झाला तर नाही. आमच्या वेळेस त्या आजाराची पहिली स्टेज निघाली, पुढे आपोआप बरी झाली. बेड सातच्या बाळाला लेझर लागला. घरी गेल्यावर 'बाळ तर छान बघतंय' म्हणून तारीख चुकवणारे बरेच असतात, असं तेच डॉक्टर वैतागून सांगत होते.

गणपती आले. लालबाग-परळचे रस्ते बंद, स्टेशनबाहेर दर्शनाला आलेला जनसागर, आणि त्याच्या उलट दिशेने आम्ही दोघं दुधाची पिशवी घेऊन. घरी सोयर फिटून गेलं होतं, तरी आईने या वर्षी दीडच दिवसाचा आणला. बाळ आता नळीवरून बोंडल्यावर आलं होतं. एक चमचाभर दूध प्यायला पाऊण तास, आणि मग दमून झोप. चोखणं, गिळणं आणि श्वास या तिन्हींचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमाराला बसतो. तो बसला तसं ती छातीला लागली, आणि वजन रोज वीस-पंचवीस ग्रॅमने चढायला लागलं.

१ किलो ७०० ग्रॅमवर घरी सोडलं. त्याआधी काही दिवस बायकोला तिच्यासोबत एका खोलीत ठेवून सगळं एकटीने करून घेतलं. बरोबर लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब, दुधात मिसळायच्या पुड्या, डोळ्यांची तारीख, कानांच्या बेरा टेस्टची तारीख. घरी आल्यावर मालिशवाल्या बाई, धुरी, घुटी, काजळ सगळ्याला नकार. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. दारावर सॅनिटायझर टांगला आणि सर्दी झालेल्या सख्ख्या काकाला जिन्यातून परत पाठवलं. काका महिनाभर बोलला नाही.

फ्रीजरमध्ये दूध उरलं होतं. बायकोने रक्ततपासणी करून, सही करून ते बँकेला दिलं. पिशवी पोहोचवायला मीच गेलो, आणि दारावर सिस्टरनी हाक मारली ती "बेड चार" अशीच.

आता रोजची कटकट वयाची. लस खऱ्या वयाप्रमाणे द्यायची, त्यात सूट नाही. मान धरणं, कुशीवर वळणं, बसणं हे मात्र ऑक्टोबरच्या तारखेपासून मोजायचं, त्याला करेक्टेड एज म्हणतात, आणि दोन वर्षांपर्यंत हा हिशेब ठेवायचा. "दहा महिने झाले, अजून बसत नाही?" असं लग्नात विचारणाऱ्यांना बायको आता सरळ 'साडेसात महिन्यांची आहे' म्हणून मोकळी होते. उष्टावणही ऑक्टोबरच्याच हिशेबाने केलं. वाढदिवस मात्र जुलैतच, यावर आई अडून बसली आहे. डोळ्यांची पुढची तपासणीही त्याच सुमाराला आहे, तेव्हा आदल्या रविवारी उरकून घ्यावा असं माझं म्हणणं. बघू, काकाला बोलवायचं की नाही ते अजून ठरायचंय.